चुळीचं पाणी

चितेगाव,
२० फेब्रुवारी २०२५

आक्का,
सप्रेम जयभीम.

तू मला ब्लॉक केलंस. फोन लावला तर लागत नाही, मेसेज टाकला तर एकच टिक. काल संगीताच्या फोनवरून लावला. माझ्या बायकोशी तू पोटभर गप्पा मारल्यास, पण तिच्या मागून मी "आक्का" म्हटलं की लगेच फोन बंद. म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. मी स्वतः हर्सूलला आलो असतो, गाडीवर तासाभराचा रस्ता आहे. पण मांडवातून निघताना "माझ्या दारात पाय ठिवू नको" असं तू सगळ्यांदेखत म्हणालीस. ठीक आहे. पाय ठेवत नाही.

आता मला सांग, माझं चुकलं काय? प्रणयच्या लग्नात तू त्याची सख्खी आत्या. पुढ्यात ताट वाढलेलं आणि तू नुसता भात चिवडत बसलीस. घास तोंडाजवळ नेतेस आणि परत ताटात ठेवतेस. मला काय आंधळा समजलीस? म्हणून तुला जनरेटरच्या दिव्याखाली नेलं आणि जीभ दाखव म्हटलं. दाखवलीस तेव्हा माझा आवाज जरा चढला, हे मान्य. पण जीभ कसली ती! वर पांढरा थर, फाटलेल्या दुधासारखा, गालाच्या आतल्या बाजूलाही ठिपके. मी "अरे बाप रे" म्हणालो, तेवढ्यात व्याही आले, त्यांच्या मागून त्यांची बहीण आली आणि म्हणाली, "बघू, बघू." आता नव्या पाहुण्यांना मी हाकलून देऊ का?

हे साधं तोंड येणं नाही. अंगात उष्णता साठलीय आणि तिला मिश्रीची जोड आहे. मिश्री सोडली असं तू सांगतेस, पण माझा विश्वास नाही. रिटायर झाल्यापासून मी या विषयाचा अभ्यास करतोय. कंपनीत सुपरवायझर असताना कोणतं मशीन कशानं तापलंय हे मी नुसत्या वासावरून सांगायचो. माणसाचं शरीर काही त्याहून वेगळं नाही.

जीपवाल्या सांडूबरोबर पिशवी पाठवलीय. सकाळी उठल्याबरोबर लाकडी घाण्याचं खोबरेल तोंडात घेऊन घोळवायचं आणि थुंकायचं. दुपारी जाईचा पाला चावून रस तोंडात धरायचा. संध्याकाळी टाकणखाराची लाही मधात कालवून बोटानं जिभेवर चोळायची. झोंबेल, झोंबू दे. झोपताना त्रिफळ्याचा काढा. आणि सगळ्यात मोठा नियम, जो मी कोरोनात काढा वाटताना अख्ख्या घराला घालून दिला होता आणि जो फक्त तू पाळलास: औषध तोंडात गेलं की अर्धा तास पाण्याचा थेंब लावायचा नाही. घोट नाही, चूळ नाही. औषध मुरू द्यायचं. लोक वर पाणी ढोसतात आणि मग औषधाला नावं ठेवतात.

राग धर, पण औषध घे.

तुझा भाऊ,
मोतीराम


हर्सूल,
२७ फेब्रुवारी

मोतीराम,
जयभीम. "सप्रेम" लिहिणार होते, पण हात वळत नाही.

चुकलं काय म्हणून वर तोंड करून विचारतोस? आत्याचा मान म्हणून नवी साडी नेसून आलेली बाई. तिला तू दंडाला धरून डिझेलच्या धुरात उभी केलीस आणि बाजारात बैलाचे दात बघतात तशी तिची जीभ बघितलीस. व्याह्यांच्या बहिणीनं मोबाईलचा टॉर्च लावला. टॉर्च! "आत्याबाईंना लई दिवसापासून हाय का हे?" असं तिनं मला नाही, तुला विचारलं. आणि तू उत्तर दिलंस! माझ्या जिभेचा मालक असल्यासारखा! नवरीसुद्धा बोहल्यावरून मान वाकडी करून बघत होती. आता त्या सुनेला माझी ओळख काय, तर जिभेला बुरा आलेली आत्या.

मिश्रीचं पुन्हा काढलंस तर हे पत्र शेवटचं समज. रूपा दहावीला होती तेव्हा तिच्यासमोर डबी नालीत रिकामी केली. ती पोरगी आता स्वतः शाळेत शिकवते. अंगणवाडीत नोकरीला असताना मी आयाबायांना तंबाखू सोडा म्हणून दारोदार सांगत फिरले आणि माझा सख्खा भाऊ मला खोटं पाडतो.

रूपा रोज मागे लागते, आई दवाखान्यात चल, जीभ दाखव. तिला मी साफ सांगितलंय, आता या जन्मात मी कुणाला जीभ दाखवणार नाही. डॉक्टरीणबाईला तर नाहीच. दाखवण्याची सगळी हौस तू मांडवातच फेडलीस. म्हणून तुझी पिशवी घेतली. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे, तुझ्या औषधाला तोंड उघडून दाखवावं लागत नाही म्हणून.

तुझा टाकणखार झोंबत नाही, जाळतो. पहिल्या दिवशी मी मोरीत बसून रडले. खोबरेल घोळवून घोळवून गाल दुखतात. जाईचा पाला तेवढा बरा, थंड वाटतं जरा वेळ.

तुझ्या नियमाचं म्हणशील तर तो मी कोरोनापासून पाळते, आणि तो आम्हाला परवडतोही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही कधी दांडी मारतं. भाजी धुतलेलं पाणी झाडांना नाही, लादी पुसायला ठेवतो आम्ही. त्यात चूळ भरभरून पाणी थुंकायचं कुणी? तेव्हा जे जे औषध म्हणून तोंडात जातं, त्या सगळ्याला मी तुझा नियम लावलाय. सगळ्याला म्हणजे कशाकशाला, ते विचारू नकोस.

ब्लॉक काढलेलं नाही आणि काढणार नाही.

मुक्ता


चितेगाव,
५ मार्च

आक्का,
सप्रेम जयभीम. मी लिहितो बुवा सप्रेम, माझा हात वळतो.

बैलाची उपमा मला लागली. ज्या बहिणीनं मला काखेत घेऊन शाळेत पोचवलं तिला मी बैल समजेन? मी घाबरलो होतो. घाबरल्यावर माझा आवाज मोठा होतो, हे तुला माझ्या लहानपणापासून माहीत आहे, आणि तरी तू मांडवात मला सगळ्या व्याह्यांसमोर "गप रं मेल्या" म्हणालीस. मुलाच्या लग्नात! वरबापाला! त्याचं कुणी काही बोलत नाही.

असो. औषध घेतेस हे ऐकून बरं वाटलं. जळतंय म्हणजे काम करतंय. पैठणला माझ्या ओळखीचे तात्यासाहेब आहेत, घरच्या घरी औषधं देतात, पैसे घेत नाहीत. त्यांना मी तुझी जीभ फोनवर समजावून सांगितली. ते म्हणाले, साखर, दूध, आंबट बंद. टाकणखार दिवसातून दोनदा. आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, ताईंचं दुसरं काही चालू आहे का? मी नाही म्हणालो. मग तुझ्या पत्रातली ती ओळ पुन्हा वाचली. जे जे तोंडात जातं ते सगळं, विचारू नकोस. ही काय भानगड आहे?

विचारत नाही. पण सांगतो. एखादी इंग्रजी गोळी, कॅप्सूल, काय असेल ते आजपासून बंद कर. दोन औषधं एका शरीरात भांडतात आणि मार शरीराला बसतो. तुझ्या तोंडाला गुण येत नाही तो त्यामुळंच.

संगीता म्हणते, फोनवर बोलताना तू मध्येच थांबतेस, दम खाल्ल्यासारखी. मला ते ऐकून झोप नाही. आपल्या बाबांचं आठवतं ना? तेही असेच वाक्याच्या मध्ये थांबायचे. मग डॉक्टरनं पंप दिला आणि माणूस संपला. शेवटी त्यांच्या मुठीतून तो निळा पंप मी सोडवून घेतलाय, या हातांनी. त्या दिवशी ठरवलं, आपल्या घरात पुन्हा पंप शिरू द्यायचा नाही. पंप आला की माणूस जातो. तुला तसलं काही नाही, तुझी नुसती उष्णता आहे. म्हणूनच मी एवढा जिवाचा आटापिटा करतोय.

मोतीराम


हर्सूल,
१२ मार्च

मोतीराम,

गुण नाही. आधीपेक्षा वाईट आहे. टाकणखार दोनदा चोळून जिभेची साल निघाली. त्याच्यावर पुन्हा पांढरं येतं, पुसलं की खालून लाल, रक्त दिसतं. आता घशातही खाली उतरलंय, थुंकी गिळताना काटा अडकल्यासारखं होतं. बाजरीची भाकरी बंद, चटणी बंद. रूपा डब्यात ठेचा भरत होती, त्याचा नुसता वास आला आणि मला रडू कोसळलं. साठी उलटलेली बाई ठेच्यासाठी रडते. भात खाल्ला काय आणि खडू खाल्ला काय, मला सारखंच लागतं.

तुझे तात्यासाहेब कोण लागून गेले रे? माझी जीभ फोनवर समजावून सांगतोस? लग्नात कमी लोकांनी बघितली म्हणून आता पैठणपर्यंत पाठवलीस?

तुला खरं पाहिजे ना, मग घे. दिवाळीपासून मी एक औषध घेत होते, दवाखान्यातलं. कोणतं ते सांगणार नाही. सांगितलं तर तू माझ्याशी बोलायचं बंद करशील, आणि मला तर अजून तुझ्याशी खूप भांडायचं आहे. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून ते बंद केलं. रूपाला माहीत नाही. ती विचारते, घेतलं का, मी म्हणते, घेतलं. पोरीशी खोटं बोलायला लावलंस मला.

का बंद केलं, ते मलाही नीट कळत नाही. दवाखान्यातली बाई शिकलेली आहे, तू नाहीस. पण तू "झोप नाही" असं लिहिलंस ना, तिथं मी फसले.

दोन दिवस झाले, छातीत मांजर घुरघुरल्यासारखा आवाज येतोय. हवा बदललीय, त्यानं असेल. उद्या होळी. गल्लीच्या तोंडाशी पोरांनी लाकडं, टायर, काय काय रचून ठेवलंय.

मुक्ता


हर्सूल,
१८ मार्च

मामा,
जयभीम.

आई दवाखान्यात आहे. "घाबरू नका" असं पुढं लिहायची पद्धत असते. मी लिहिणार नाही. तुम्ही घाबरावं असंच मला वाटतं.

होळीचा धूर रात्रभर गल्लीत भरून राहिला होता. टायरचा काळा धूर. सकाळी पोरांनी आमच्या दारासमोर कोरडा गुलाल उधळला. आई घरात खिडकीपाशी बसली होती. मला म्हणाली, "रूपा, खिडकी उघड." खिडकी उघडीच होती, मामा. तिचे ओठ निळसर पडले होते आणि एका शब्दाला एक श्वास लागत होता. शेजारच्या संघपालदादांनी तिला उचलून रिक्षात घातलं. रिक्षात मी ओरडले, आई, पंप कुठाय? तिनं मान हलवली. मी पर्स उपसली, पंप नाही. घरी गेल्यावर सापडला, कपाटात, साड्यांच्या खाली, तुमच्या दोन पत्रांबरोबर.

हो, पंप. आईला दमा आहे. दिवाळीत निघाला. रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा पंप आहे, धाप लागूच नये म्हणून घ्यायचा. तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली होती. "मोत्याला कळलं तर तो मला मेलीच समजल," म्हणाली. तुम्ही येणार असलात की आधी पंप लपायचा, मग चहा टाकला जायचा.

आता दवाखान्यात काय झालं ते ऐका. दुसऱ्या दिवशी आईला बोलता येऊ लागलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात बघितलं. टॉर्च लावला नाही, ओरडल्या नाहीत. फक्त विचारलं, "मावशी, पंप घेतल्यावर चूळ भरत होता का?"

आई म्हणाली, "नाय. औषध घेतलं की अर्धा तास पाणी लावायचं नाय."

"असं कुणी सांगितलं?"

"भावानं."

"भाऊ डॉक्टर आहेत?"

"नाय, कंपनीत व्हता."

डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. मग त्यांनी मला समजावलं. पंपातलं औषध छातीत जायचं असतं. थोडं जिभेवर, घशात बसतं. ते चूळ भरून थुंकून टाकायचं, नाहीतर त्याच्यावर तोंडात बुरशी धरते. आईच्या तोंडात उष्णता नव्हती, मामा. मिश्री नव्हती. बुरशी होती. आणि ती यायचं कारण एवढंच, की रोज दोनदा एक तांब्या पाणी तोंडात फिरवलं गेलं नाही. तुमचा टाकणखार बघून तर त्यांनी कपाळाला हात लावला. तो पोटात गेला तर विषारी असतो, आणि आई तो सालपट निघालेल्या जिभेवर दोनदा चोळत होती, तुम्ही सांगितलं म्हणून.

राग मला एकट्या तुमचा नाही. दिवाळीत पंप दिला तेव्हा तिथल्या नर्सनं चूळ भरायला सांगितलं होतं, मी शेजारीच उभी होते. आईनं मान डोलावली आणि घरी येऊन तुमचा नियम पाळला. चार महिने. शिकलेल्या माणसाचं एका कानानं ऐकलं आणि तुमचं काळजावर कोरून घेतलं. आणि पाणी जपायचं कारण आयतंच होतं, हंड्याच्या तळाशी हात घालून आम्ही दिवस काढतो. या सगळ्याचा मला संताप येतो. तुमच्या पत्रांचा येतो, नळाचा येतो, आईच्या भाबडेपणाचा येतो. शाळेत मी पोरांना "प्रश्न विचारा" म्हणून शिकवते आणि माझ्या घरात दोन म्हातारी माणसं एकमेकांना विचारू नकोस, विचारू नकोस म्हणून लिहीत बसतात.

ती आता ठीक आहे. पंप पुन्हा चालू केलाय, जिभेवर बुरशीचं औषध लावतात. भेटायला येऊ नका. पिशवी तर अजिबात पाठवू नका.

रूपा


चितेगाव,
२५ मार्च

आक्का,
सप्रेम जयभीम.

रूपाचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी निघालो. दवाखान्याच्या फाटकापर्यंत आलो. शहाळं घेतलं होतं. तिथं चहाच्या टपरीवर दुपार काढली आणि शहाळं टपरीवाल्याच्या पोरीला देऊन परत आलो. तू दारात पाय ठेवू नको म्हणाली होतीस, ती येऊ नका म्हणाली. तुम्ही मायलेकींनी मला अगदी रस्त्यावर आणून ठेवलंय.

मी रागात आहे. तुला वाटेल, मी आता गरीब गाईसारखा मान खाली घालून लिहीन. नाही लिहिणार. दिवाळीपासून तू माझ्यापासून दमा लपवलास! मी येणार म्हटलं की पंप लपवायची! मी काय वसुलीवाला आहे? माझ्यासमोर हसत चहा द्यायचीस आणि छातीत ते घेऊन बसायचीस. मला माहीत असतं तर मी ते पत्र लिहिलं असतं का? "इंग्रजी बंद कर" असं लिहिलं असतं का? हात कलम करून घेतला असता.

पण रूपा म्हणते तसा एक प्रश्न मीही स्वतःला विचारला. माहीत असतं तर काय केलं असतं? खरं सांगतो. पंप हिसकावून नालीत फेकला असता. मग तू मला सांगणार तरी कशी? या जागी येऊन माझं डोकं फिरतं, आणि राग कुणावर काढावा ते कळत नाही. काल प्रणयवर काढला. सुनेसमोर. ती बिचारी आत निघून गेली.

टाकणखार, त्रिफळा, सगळं उकिरड्यावर टाकलं. पैठणला फोन केला. तात्यासाहेब म्हणाले, "पंप चालू होता हे आधी सांगायला पाहिजे होतं." मी म्हटलं, तुम्ही जीभ न बघता औषध सांगायलाच नको होतं. त्यांनी फोन ठेवला. आता त्यांनीही मला ब्लॉक केलंय.

माफी मागायची म्हणून तीन कागद फाडले. मला ते जमत नाही, तुला माहीत आहे. माफीचे शब्द सापडेनात, पण पाणी सापडलं. आमच्या घरामागच्या बोअरला अजून पाणी आहे. तपासून घेतलं, पिण्याला चालतं. उद्यापासून दर आठवड्याला सांडूच्या जीपमधून चार कॅन येतील. त्यातला एक कॅन वेगळा आहे, लाल झाकणाचा. तो फक्त चुळीचा. त्यातून भांडं घासायचं नाही, भाजी धुवायची नाही, लादी तर मुळीच पुसायची नाही. पंप घेतला की लगेच, त्याच मिनिटाला, तोंडभर पाणी, घशापर्यंत खळखळवायचं आणि थुंकायचं. दोनदा. हातचं राखायचं नाही. हा माझा नवा नियम आहे आणि तो मी डॉक्टरला विचारून केलाय. तुझ्या नाही, इथल्या सरकारी दवाखान्यातल्या. रांगेत उभा राहून विचारला. ते म्हणाले, "दमा तुम्हाला आहे का?" मी म्हटलं, बहिणीला. आक्का, हे मी पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. बहिणीला दमा आहे. बाहेर येऊन बाकावर बसलो.

मला भीती वाटते गं. तो पंप तुझ्या हातात मी कसा बघू?

मोतीराम


हर्सूल,
९ एप्रिल

मोत्या,

कॅन मिळाले. चारही. लाल झाकणावर तू खडूनं "चूळ" लिहिलंस आणि खाली "हुकुमावरून". सांडूनं ते वाचून दाखवलं, तेव्हा सगळी गल्ली हसली. संघपालची बायको विचारते, मुक्तामावशी, तुमच्या चुळीचं पाणी येगळं का? मी म्हटलं, व्हय, चितेगावहून येतं. आता माझ्या जिभेपाठोपाठ माझी चूळसुद्धा वस्तीत गाजली. तुझ्यासारखा भाऊ असल्यावर बाईला काही झाकून ठेवता येत नाही.

मी अजून रागात आहे, हे आधी लिहून ठेवते. रूपा म्हणते, आई, सोड आता. का सोडू? मेले असते मी. तुझ्या एका ओळीनं. आणि माझ्या मूर्खपणानं, तेही लिहिते. दवाखान्यात नाकाला नळी लावून पडले होते, तेव्हा मला बाबा आठवत नव्हते. तुझंच पत्र आठवत होतं, आणि मनात एकच, की याला अजून दोन शिव्या द्यायच्या राहिल्या.

बाबांचं ऐक. तू तेव्हा कंपनीत पाळीवर होतास, शेवटची वर्षं त्यांच्या उशाशी मी होते. बाबांना रोजचा पंप कुणी दिलाच नव्हता. त्यांच्याकडं नुसता निळा होता, धाप लागल्यावर ओढायचा. डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, रोजचा असता तर कदाचित अजून काही वर्षं राहिले असते. बाबा पंपानं गेले नाहीत, मोत्या. पंप कमी पडला म्हणून गेले. तू त्यांच्या मुठीतून जे सोडवून घेतलंस, त्याच्यावर इतकी वर्षं उगाच दात धरून बसलास. मला हे कळल्यावर रडू आलं आणि मग तुझा आणखी राग आला, की हे आपण दोघं कधी बोललोच नाही.

आता जिभेचं. पांढरं गेलं. आधी कडेचं गेलं, मग मधलं. घसा मोकळा झाला. परवा रूपानं भाकरी थापली आणि विचारायच्या आधीच मी ठेच्यात बोट बुडवलं. मिरची लागली रे! टाळूपर्यंत लागली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, रूपा घाबरली, तिला वाटलं पुन्हा धाप. मी हातानं खूण केली, थांब, आणि दुसरं बोट बुडवलं. एवढं चांगलं रडणं मी वर्षभरात रडले नव्हते.

सकाळी पंप, मग तुझं पाणी. संध्याकाळी पंप, मग तुझं पाणी. थुंकताना अजून जिवावर येतं, एवढं पाणी मोरीत जातं. पहिल्या दिवशी मी ते थुंकलेलं पाणी बादलीत धरलं, तर रूपा अशी खेकसली की शेजारी डोकावले.

तू विचारलंस, पंप माझ्या हातात कसा बघू. त्याचं उत्तर मी ठरवलंय, आणि या बाबतीत तुझं काही चालणार नाही.

चौदा तारखेला जयंती. इथं पंचशील झेंड्याखाली सगळी वस्ती जमते, दुपारी जेवण असतं. तू यायचं. संगीताला, प्रणयला, नव्या सुनेला घेऊन यायचं. व्याही आले तर त्यांनाही आण, त्यांच्या बहिणीला तर आवर्जून आण. दारात पाय ठेवायची बंदी त्या दिवसापुरती उठवलीय. जेवायच्या आधी माझी पंपाची वेळ करून घेईन. मी सगळ्यांदेखत, खुर्चीत बसून, पंप घेणार आहे. तू उठून बाहेर जायचं नाहीस. मान फिरवायची नाहीस. "अरे बाप रे" तर मुळीच म्हणायचं नाहीस. माझ्या शेजारी लाल झाकणाच्या कॅनमधलं पाणी भरलेला तांब्या घेऊन उभा राहायचं, आणि मी हात पुढं केला की तो माझ्या हातात द्यायचा.

चूळ भरून झाली की मी जीभ बाहेर काढीन. मग बोलवायचं असेल त्याला बोलव. टॉर्चसकट.

मुक्ता